शिलेदाराचा घाट

जाण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाइल, हँडलवरचं जीपीएस, एनर्जी जेल, हेल्मेट, सगळं इथंच राहू द्या. कार्बनची सायकलही भिंतीला टेकवून ठेवा. तिकडे मिळणारी पोलादी सायकल तिच्या जवळपास दुप्पट वजनाची आहे आणि तिला गिअर नाहीत. बदल्यात एक पाना, एक हातपंप आणि दोन सुटे टायर घ्या. टायर ठेवायला पिशवी शोधू नका. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन ते दोन्ही खांद्यांवरून पाठीवर चढवायचे. दुपारपर्यंत ते मानेला काचतील, पण त्यांच्याशिवाय निघालात तर बायॉनला पोचणार नाही.

आता डोळे उघडा. २१ जुलै १९१०, पहाटेचे साडेतीन. तुम्ही लुशोंमध्ये आहात. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज पर्वताच्या कुशीतलं हे उष्ण झऱ्यांचं गाव. पैसेवाली आजारी माणसं इथं स्नानाला आणि हवापालटाला येतात. ती या वेळी गाढ झोपेत आहेत. रस्त्यावर आहेत ते तूर द फ्रांसचे उरलेले सायकलस्वार. शर्यतीचं हे आठवं वर्ष आणि आजचा हा दहावा टप्पा. लुशों ते अटलांटिक किनाऱ्याजवळचं बायॉन, ३२६ किलोमीटर. पुण्याहून निघून बेळगावाजवळ पोचावं इतकं. फरक एवढाच की अर्धी वाट संपायच्या आत चार घाट आहेत: पेरसूर्द १,५६९ मीटर, आस्पँ १,४८९, तूरमाले २,११५ आणि ओबिस्क १,७०९. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दोन घाटमाथे कळसूबाईच्या शिखराहून उंच आणि दोन थोडेच खाली.

तुमच्या आसपासचे काही जण जरा बरे दिसतात. रात्री त्यांना मालिश मिळालंय, हॉटेलची खोली मिळालीय. ते सायकल कंपन्यांच्या पथकांतले. पॅरिसहून ३ जुलैला ११० जण निघाले, त्यात असे तीस. बाकीचे ८० 'ईसोले' या गटातले, म्हणजे कोणाचेच नसलेले. तुम्ही त्या ऐंशींपैकी. शिवकाळात बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, तसाच इथला हिशेब. सायकल तुमची, टायर तुमचे, रात्रीचा मुक्काम तुम्ही शोधायचा आणि घामानं कडक झालेले कपडेही तुम्हीच धुवायचे. रस्त्यावर मात्र बारगीर आणि शिलेदार दोघांना कायदा एकच. वाटेत कोणाचीही मदत घ्यायची नाही. मोडलं तर आपलं आपण जोडायचं.

इशारा होतो आणि गाव संपायच्या आतच चढ लागतो.

पेरसूर्द अंधारात चढण्यात एक सोय आहे: पुढचं वळण दिसत नाही. ऐकू येतं ते टायरखाली चिरडणारी खडी, चेनची करकर आणि शेजारच्याचा श्वास. मग शेजारचा पुढे निघून जातो आणि फक्त तुमचा श्वास उरतो. एकाच दातेचक्रावर हा चढ बसून ओढता येत नाही. उभं राहायचं, सगळं वजन उजव्या पायावर टाकायचं, मग डाव्यावर. तासाभरात पोटऱ्या दगड होतात आणि तुम्ही खाली उतरून सायकल ढकलू लागता. इकडेतिकडे बघू नका, सगळेच ढकलतायत. आज चालणं हा कमीपणा नाही. उजाडता उजाडता माथा येतो. आघाडीवर ओक्ताव्ह लापीझ नावाचा बावीस वर्षांचा कुरळ्या केसांचा पॅरिसकर पोरगा केव्हाच पलीकडे उतरून गेलाय. दिवसभरात तो तुम्हाला दिसणार नाही.

आस्पँबद्दल फार सांगत नाही. आरो गावापासून बारा किलोमीटरचा, चौघांत सौम्य म्हणावा असा घाट. गवताळ, गाईंच्या घंटांचा. पंक्चर होतं ते मात्र त्याच्या उतारावर.

खेचराच्या नालेचा खिळा असतो. मागचं चाक फसफसतं आणि सायकल कडेला सरकते. उतरा, पान्यानं नट सैल करा, चाक काढा. हे टायर रिमला सरसानं चिकटवलेलं आहे आणि ट्यूब त्याच्या आतच शिवलेली, त्यामुळे ठिगळ लावण्याचा प्रश्न इथं येत नाही. दोन्ही अंगठे घालून अख्खं टायर रिमवरून सोलून काढायचं. सरस चांगला धरलेला असेल तर अंगठ्यांनी जमत नाही, मग दात लावायचे. खांद्यावरचं एक टायर उतरवून रिमवर ताणत न्या. शेवटची चार बोटं जागा बाकी राहते आणि तिथं टायर हट्टाला पेटतं. चाक पोटाशी धरून दोन्ही तळव्यांनी रेटा. अंगठ्याचं कातडं निघेल. आता हवा भरा.

वरच्या कुरणातून उतरलेला एक शेतकरी हे सगळं बघतोय. तो काही न बोलता तुमची सायकल आडवी पडू नये म्हणून धरायला हात पुढे करतो. मान हलवून त्याला नको म्हणा. तो बुचकळ्यात पडतो, साहजिकच आहे. आडवाटेला अडलेल्या माणसाचं सामान धरणं हा कुठल्याही डोंगरी मुलखात साधा शिष्टाचार असतो. पॅरिसमध्ये बसून तो बेकायदा ठरवणाऱ्या माणसाचं नाव अन्री देग्रांज. 'लोतो' या पिवळ्या कागदावर छापल्या जाणाऱ्या क्रीडा दैनिकाचा हा संपादक. प्रतिस्पर्धी पेपराला मागे टाकायला १९०३ साली ही शर्यत त्यानंच सुरू केली. एकच स्वार शेवटपर्यंत पोचेल ती आदर्श शर्यत, असं मत त्याच्या नावावर सांगितलं जातं. तो तसं बोलला असो वा नसो, नियम त्याच मताचे आहेत.

जुन्या सरसावर नवं टायर बसवलंय हे लक्षात ठेवा. वळणावर फार झुकू नका.

कांपाँच्या खोऱ्यात सँत-मारी-द-कांपाँ हे छोटं गाव लागतं. चौकातून डावीकडे तूरमालेचा रस्ता फुटतो. पाणी भरून घेताना इथल्या लोहाराच्या भट्टीकडे जरूर बघा. आज तिच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, युजेन क्रिस्तोफ नावाचा स्वार तुटलेला फोर्क घेऊन तूरमालेवरून दहाहून अधिक किलोमीटर सायकल वाहत याच गावात उतरेल. पंच डोळ्यांत तेल घालून उभे असताना तो स्वतःच्या हातानं घण मारून फोर्क सांधेल. तीनेक तास जातील. आणि भाता मारायला लोहाराकडचा एक पोरगा वापरला म्हणून त्याला वर दंड होईल. तुमच्या काळात त्या गावात या प्रसंगाची पाटी आहे. क्रिस्तोफनं तूर कधीच जिंकली नाही, आणि तरी फ्रान्समध्ये बऱ्याच विजेत्यांपेक्षा त्याचं नाव जास्त निघतं.

आता तूरमाले. या गावापासून माथ्यापर्यंत १७ किलोमीटर आणि चढाई जवळजवळ १,२७० मीटर. पुण्याच्या वाचकांना मापासाठी सांगायचं तर सिंहगडाचा गाडीरस्ता साधारण दोनदा, मध्ये उतार नाही. पहिले चार-पाच किलोमीटर इतके सोपे की शंका यावी. झाडं, ओढा, दगडी घरं. मग रस्ता एकदम नाक वर करतो आणि सात, आठ, नऊ टक्क्यांच्या खाली येतच नाही. हातगाडीच्या वेगानं तुम्ही सरकता. पुन्हा उतरता. ढकलताना पेडल नडगीवर आपटतं, एकदा, दहादा, एकाच जागी.

झाडं संपली की ला माँजीचं उघडं कुरण. तुमच्या काळात इथं स्कीईंगची हॉटेलं आणि पार्किंगचं काँक्रीट आहे. आज मेंढ्या आहेत आणि पांढरे, अंगानं दांडगे राखणदार कुत्रे. शर्यत पिरेनीजमध्ये जाणार कळल्यावर वाटेत अस्वलं आहेत अशी कुजबुज स्वारांमध्ये झाली होती. अस्वल भेटत नाही. कुत्र्यांची नजर पुरेशी आहे.

इथं दम खा आणि ही वाट निवडली कोणी ते ऐका. देग्रांजचा सहकारी आल्फोन्स स्टेनेस पिरेनीजच्या मागे लागला होता आणि देग्रांज कां-कूं करत होता. स्टेनेस स्वतः पाहणीला आला. तूरमालेवर मोटार बर्फात अडकली, तेव्हा तो रात्री एकटाच पायी पुढे निघाला. पडला, वाट चुकला, भलत्या वेळी शोधायला आलेल्या लोकांना सापडला. मग गरम अंघोळ करून त्यानं पॅरिसला तार ठोकली: तूरमाले ओलांडला, रस्ता उत्तम, जायला काही अडचण नाही. पत्रकारितेच्या इतिहासात इतकी निर्लज्ज आणि इतकी फळलेली थाप क्वचितच मारली गेली असेल. त्या तारेच्या जोरावर तुम्ही आत्ता नडगी चोळत बसला आहात.

आणि तरी एक गोष्ट मला राहून राहून वाटते. या घाटाला 'अशक्य' हे विशेषण चिकटवलं पेपरवाल्यांनी. हा मुलूख माणसांनी कधीच टाळला नव्हता. १६७५ साली मादाम द मँतनों चौदाव्या लुईच्या पायानं अधू मुलाला बारेजच्या झऱ्यांवर उपचाराला घेऊन गेल्या त्या तूरमालेवरूनच. पुढे तिसऱ्या नेपोलियनच्या काळात झऱ्यांची गावं एकमेकांना जोडणारा हा रस्ता बग्ग्यांसाठी नीट करण्यात आला. म्हणजे तुम्ही ज्यावर मरताय तो रस्ता संधिवाताच्या रोग्यांना सुखानं नेता यावं म्हणून बांधलेला आहे! सायकलींसाठीही तो नवा नाही. १९०२ साली 'तूरिंग क्लब द फ्रांस'नं याच घाटावर पर्यटनाच्या सायकलींची चाचणी घेतली. तीन गिअरच्या सायकलीवर मार्त एस नावाची बाई कुठेही न उतरता पार झाली. प्रेक्षकांनी तिचं भरभरून कौतुक केलं. देग्रांजनं तेव्हाच लिहून टाकलं की बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. जवान माणसानं स्नायूंच्या बळावर जिंकावं. तिकडे सँत-एतियनमध्ये पॉल द व्हिव्ही हा गृहस्थ वर्षानुवर्षं कंठशोष करत होता की गिअर म्हणजे लबाडी नव्हे, अक्कल आहे. त्याचं ऐकतो कोण.

तेव्हा आज तुमचा छळ करणारा डोंगर नाही, नियमावली आहे. एका बाईनं आठ वर्षांपूर्वी बसून पार केलेला घाट फ्रान्सचे सर्वांत तगडे पुरुष आज ढकलत चढतायत, कारण ढकलत चढणारे पुरुष पेपरात जास्त खपतात. मला हे हास्यास्पद वाटतं. आणि हेही कबूल केलं पाहिजे की दीडशे किलोमीटरच्या आत हे चार घाट एकामागून एक लावण्याची कल्पना सुचणारा माणूस बाकी काहीही असो, रसिक होता.

उठा. शेवटचे चार किलोमीटर. रस्ता असा उरतच नाही. सुटे दगड, त्यांतून वाहणारं वितळत्या बर्फाचं पाणी. पुढे ग्युस्ताव्ह गारिगू नावाच्या बहाद्दरानं हा सगळा घाट एकदाही पाय न टेकवता चढून शंभर फ्रँकचं खास बक्षीस कमावलंय. त्याच्या चाकाची रेघ चिखलात कुठेतरी असेल, तुम्ही तिच्यावरूनच चालत आहात.

माथा. २,११५ मीटर. तुमच्या काळात इथं उपाहारगृह आहे, स्टिकरांनी मढलेला फलक आहे, फोटोसाठी रांग आहे आणि आभाळाकडे तोंड करून धापा टाकणाऱ्या नग्न सायकलस्वाराचा मोठा धातूचा पुतळा आहे. तो लापीझचा म्हणतात. १९९९ साली तो बसवला आणि दर हिवाळ्यात खाली नेऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परत वर आणला जातो. आज यातलं काहीच नाही. वारा आहे आणि उत्तरेला पिक द्यु मिदी, ज्याच्या २,८०० मीटरहून उंच शिखरावर १८८० च्या सुमारापासून वेधशाळा चालू आहे. तिथं माणसं बारा महिने राहून तारे मोजतात, आणि इथं खाली सायकल चालवण्याला लोक वेडेपणा म्हणतायत.

थांबू नका, घाम गार पडला की संपलं. उतार बारेजकडे. रिम लाकडी आहे, ब्रेक सारखा दाबलात तरी धातूसारखी तापून सरस वितळवणार नाही. तेवढंच सुख. बोटं मात्र सुन्न होतात आणि ब्रेक किती दाबलाय हे कळेनासं होतं. बारेज, लूझ, मग अरुंद खिंडीतून नदीच्या सोबतीनं आर्जेलेस. तिथं टेबल मांडून अधिकारी बसलाय. सही करा. सही नाही तर तुम्ही इथून गेलाच नाहीत. पाणी, पाव, जे मिळेल ते पोटात ढकला. खोऱ्यात ऊन भाजून काढतंय, आणि दोन तासांपूर्वी तुम्ही कुडकुडत होतात.

सूलोर आणि त्याला जोडून ओबिस्क. आजच्या दिवसातलं जे वाक्य इतिहासात जाणार आहे ते इथं उच्चारलं जातं, आणि तुम्हाला ते ऐकू येत नाही. तुम्ही फार मागे आहात. झालं ते असं. वर स्टेनेस आणि त्याचा सहकारी व्हिक्टर ब्रेयर मोटारीजवळ घड्याळं बघत उभे आहेत. कोणीच येईना, तेव्हा त्यांच्या पोटात गोळा आलाय. अखेर एक जण उगवतो, पण तो लापीझ नाही, त्याचा तगडा प्रतिस्पर्धी फाबेरही नाही. तो फ्रांस्वा लाफुर्काद, याच भागातला, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही न देता तो निघून जातो. मग सुमारे पाव तासानं लापीझ येतो, सायकल ढकलत, आणि दोघांना बघून ओरडतो: तुम्ही मारेकरी आहात! नेमके शब्द आणि नेमकी जागा यांबद्दल सांगणाऱ्यागणिक थोडा फरक पडतो. आरोप मात्र खरा आहे आणि योग्य माणसांवर केलेला आहे. त्यानं डोंगराला शिव्या दिल्या नाहीत.

तुमच्या कानांवर येते ती माश्यांची भुणभुण. सूलोर आणि ओबिस्कच्या मधला लितोरचा कडा लागतो. कातळ खोदून काढलेली वाट, डावीकडे उभा डोंगर, उजवीकडे सरळ दरी. कठडे शोधू नका. १९५१ साली विम फान एस्ट हा डच स्वार आघाडीच्या स्वाराची पिवळी जर्सी अंगात असताना ओबिस्कच्या उतारावरून दरीत कोसळेल आणि जिवंत सापडेल. त्याला वर ओढायला पथकाच्या सुट्या टायरांना गाठी मारून दोर केला जाईल. तुमच्या खांद्यावर आता एकच टायर उरलंय. कडेला जाऊ नका.

याच वर्षापासून शर्यतीच्या शेपटाशी एक गाडी चालते, थकलेल्यांना गोळा करणारी. फ्रेंच लोक तिला झाडू म्हणतात. तिचा आवाज खालच्या वळणावर येतो. आत बसायची जागा आहे, सावली आहे. बसलात तर मी तरी नावं ठेवणार नाही. ११० पैकी पॅरिसला परत पोचणार आहेत फक्त ४१. पण बसलात तर हा लेख इथंच संपेल. तेव्हा ढकला.

माथा, उतार, ओ-बॉन, लारूँ. इथं शेवटचं लोहारकाम. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक दातेचक्र आहे: एका बाजूला चढाचं मोठं, दुसऱ्या बाजूला सपाटीचं लहान. नट सैल करा, चेन उतरवा, चाक काढून उलटं फिरवा, पुन्हा बसवा, चेन ताणून धरून नट आवळा. चेनच्या वंगणानं फुटलेले अंगठे काळे होतात आणि झोंबतात. तुमच्या काळात हेच काम बोटाच्या एका टिचकीनं, चालत्या सायकलीवर, तुम्ही दिवसातून शेकडो वेळा करता आणि लक्षातही येत नाही.

पुढचे दीडशेहून अधिक किलोमीटर मी तुम्हाला पायाखालून घालत नाही. त्यांच्यात सांगण्यासारखं काही नाही: धूळ, पॉपलरची झाडं, सीटवर बसता न येणं, उगाच रडू येणं. घाटांवर लेख लिहिले जातात आणि माणसं मोडतात ती नंतरच्या सपाटीवर, हे कुठल्याही लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला विचारा. लाफुर्कादला गाठून लापीझ चौदा तास दहा मिनिटांत बायॉनला पोचला आणि टप्पा जिंकला, तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते. तुम्ही पोचता तेव्हा अंधार पडलाय. तरीही तुम्ही शेवटचे नाही. टेबलावरचा माणूस कंदिलाच्या उजेडात कागद पुढे सरकवतो. सही करा आणि परत या. परवा पुन्हा पहाटे पुढचा टप्पा आहे, तो तुम्ही नाही केलात तरी चालेल.

आता बाकीचं. लापीझनं ती तूर फाबेरहून अवघे चार गुण सरस ठरून जिंकली. 'मारेकऱ्यांनी' पिरेनीज सोडले नाहीतच, उलट पुढच्या वर्षी शर्यत आल्प्समधल्या गालिबिए घाटावरही नेली. मग पहिलं महायुद्ध आलं. फाबेर मे १९१५ मध्ये आघाडीवर मारला गेला. लापीझ लढाऊ वैमानिक झाला. १४ जुलै १९१७ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, त्याचं विमान पाडलं गेलं. तूरमाले शर्यतीत इतक्या वेळा आला की आता त्याच्याशिवायचं वर्ष चुकल्यासारखं वाटतं. आणि बदलते गिअर शर्यतीत यायला १९३७ उजाडलं, देग्रांजनं सूत्रं सोडल्यानंतर.

हे सगळं खरोखर पायांनी बघायचं असेल तर जून ते सप्टेंबरात जा, एरवी माथ्यावर बर्फ असतो. सायकल भाड्यानं मिळते. एका दिवसात चारही घाट करायचा हट्ट धरू नका, पहिल्या दिवशी फक्त सँत-मारीहून तूरमाले करा. आणि पुढे ३४, मागे ३४ दात्यांचा हलका गिअर न लाजता मागून घ्या, पंचेचाळिशीच्या आत असलात तरी.